लहान बुटांचं काउंटर

तुम्ही म्हणाल, बुटाच्या दुकानात कसले आलेत किस्से! माप घ्यायचं, खोकं उघडायचं, बूट घालायचा, पिशवीत भरून द्यायचा. पण मी जळगावच्या बाजारात एका दुकानात चौदा वर्षं लहान मुलांचं काउंटर सांभाळतेय. रिकामी खोकी आम्ही दर आठवड्याला भंगारवाल्याला देतो, पण किस्से कुठे द्यायचे? ते साठतच जातात!

मोठ्या माणसांच्या काउंटरला असलं काही होत नाही. तिथे भिकनभाऊ असतात. ते म्हणतात, "मंगलताई, माझं गिऱ्हाईक बूट घेतं आणि जातं. तुझं गिऱ्हाईक बूट घेतं, आणि त्याची आई रडत जाते!"

अगदीच खोटं नाही. पोर वर्षाचं असतं तेव्हा आई त्याचा पाय हातात घेऊन मला दाखवते. दोन वर्षांचं झालं, की तो पाय पोराचा होतो. मी मापाची पट्टी लावायला गेले की पाय मागे. आई बूट चढवायला गेली की, "मी!" दुसरं काही बोलता येत नसलं तरी हा एक शब्द सगळ्यांना येतो.

*

शिट्टीचे बूट तुम्हाला माहीत असतील. टाचेत शिट्टी असते, पाऊल टाकलं की चूं चूं वाजते. एक बाई पिंप्राळ्याहून आल्या. मुलगा नुकता चालायला लागलेला. म्हणाल्या, "हेच द्या. मी स्वयंपाकघरात असले तरी हा कुठे आहे ते कळेल."

पंधरा दिवसांनी त्यांचे मिस्टर आले, बूट हातात घेऊन. डोळे लाल.

"ताई, यातली शिट्टी काढता येते का हो? हा पहाटे पाचला उठतो आणि आधी बूट घालतो! खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले."

भिकनभाऊंनी टाचेतून शिट्ट्या उपटून दिल्या. मिस्टर हात जोडून गेले.

चौथ्या दिवशी त्या बाई परत! स्कूटर बाहेर लावून घाईघाईने आत आल्या. मला वाटलं, बुटाचा तळ निघाला असणार.

"ताई, शिट्टी परत बसवून द्या."

"का हो? काय झालं?"

"काल पोळ्या करत होते. मागे वळून बघते तर हा नाही. घरभर शोधलं. गॅलरीत एकटाच बसून चिमण्यांना पोहे घालत होता. अर्धा तास! मला हाक नाही, काही नाही." मग म्हणाल्या, "वाजतात तेव्हा डोकं उठतं हो. पण वाजायचे थांबले, तर घरात कोणी नाहीच असं वाटतं."

शिट्ट्या भिकनभाऊंनी टाकून दिल्या होत्या. नवा जोड फोडून त्यातल्या बसवून दिल्या. त्या बिनशिट्टीच्या जोडाला पुढे चार दिवसांत गिऱ्हाईक मिळालं. पहाटे पाचला उठणारी पोरं जळगावात काही कमी नाहीत!

*

एकदा एक सूनबाई, तिचा अडीच-तीन वर्षांचा मुलगा आणि तिचे सासरे असे तिघं आले. सासरे धुळ्याकडचे, पांढरी टोपी, बोलणं सगळं अहिराणी. सून त्यांना आबा म्हणत होती.

मुलाने बूट घातले, तेही एकट्याने! पण उजवा डाव्यात आणि डावा उजव्यात. सून वाकून बदलायला गेली, तर त्याने असा सूर लावला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तिने पुन्हा हात लावला, त्याने पुन्हा गळा काढला. वीस मिनिटं हेच चाललं. बिचारी घामाघूम झाली.

आबा इतका वेळ स्टुलावर बसून बघत होते. आता म्हणाले, "सूनबाई, पाय तेना शेतस. टोचनात ते तोच काढी."

पाय त्याचे आहेत, टोचले तर तोच काढेल! सून मागे सरली. पोरगा उलट्या बुटांनी बदकासारखा फताक फताक करत दारापर्यंत गेला. थांबला. पायांकडे बघितलं. पायरीवर बसला, दोन्ही बूट काढले, नीट निरखले आणि बरोब्बर सुलटे घातले! कोणाकडे बघितलं नाही, शाबासकीची वाट पाहिली नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सून हसत होती, पण मला हळूच म्हणाली, "कालपर्यंत मला घालू देत होता हो."

आबा रुबाबात उठले, "देखं?" म्हणाले आणि दाराशी काढलेल्या चपला घालून पायऱ्या उतरले.

मागून भिकनभाऊ ओरडले, "आबा! एका पायात माझी चप्पल गेली!"

आबांनी खाली बघितलं. एक पाय काळा, एक तपकिरी. मागे वळून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. टोचनी ते सांगसू!"

*

एक बँकेतले साहेब होते. मुलगी तीन वर्षांची. साहेबांना लेसचेच बूट हवे होते. मी म्हटलं, "साहेब, या वयाला लेस नको. मुलांना बांधता येत नाही. चिकटपट्टीचे घ्या, ती आपले आपण घालेल."

साहेब मुलीकडे बघत राहिले. ती समोरच्या आरशात स्वतःच स्वतःची टोपी नीट करत होती.

"ब्रश स्वतः करते," साहेब म्हणाले. "जेवते स्वतः. झोपताना गोष्टसुद्धा स्वतःच सांगते, मला ऐकावी लागते. तुम्ही लेसचेच द्या, ताई. अजून दोन वर्षं तरी सकाळी मला हाक मारेल."

लेसचेच दिले!

*

आता आमच्या मालकांचं सांगते. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात. आजोबा राजस्थानातून आले, बाबूजींचा जन्म जळगावचा. पासष्टी उलटली तरी सकाळी सगळ्यांच्या आधी गादीवर हजर. दुकानात त्यांचा एकच नियम, "बच्चे को जो पसंद, वही दिखाव. आईबापाच्या पसंतीचा बूट पोरगं घरी गेल्यावर पलंगाखाली टाकतं."

त्यांचा नातू अडीच वर्षांचा झाला तेव्हा बाबूजींनी त्याला पहिल्यांदा दुकानात आणलं. इतका आनंद! स्वतः गादीवरून उठले, स्वतः पट्टी लावली, स्वतः खोकी उघडली. तपकिरी बूट दाखवले, निळे दाखवले, मोजड्या दाखवल्या. नातवाने एकालाही हात लावला नाही. त्याचं बोट सरळ रस्त्यापलीकडे, समोरच्या दुकानाच्या काचेकडे. तिथे चालताना लाल दिवे लागणारे बूट मांडले होते.

"ते!"

समोरचं दुकान आणि आमचं दुकान म्हणजे काय सांगू! बावीस वर्षांत बाबूजींनी ती पायरी चढली नव्हती. बरोबर आलेली त्यांची सूनबाई म्हणाली, "बाबूजी, असू द्या, त्याला काय कळतंय!" बाबूजींनी उघडलेली खोकी बाजूला सारली. मग म्हणाले, "नियम म्हणजे नियम." आणि नातवाचं बोट धरायला गेले. नातवाने बोट सोडवून घेतलं आणि पुढे निघाला! आम्ही दारात उभं राहून बघतोय. पुढे नातू, मागे हात पसरून रिक्षा थांबवत बाबूजी.

समोरच्या शेठनी उठून खुर्ची दिली. चहा मागवला. बूट काढायला गेले, तर नातवाच्या मापाचा जोड संपलेला! आता काय करावं? बाबूजी चहा पीत होते तोवर शेठनी मागच्या गल्लीतून गुपचूप एक माणूस पाठवला. कुठे? आमच्याच दुकानात! दिव्यांचे तेच बूट आमच्याकडे माळ्यावर धूळ खात पडलेले होते, बाबूजीही विसरलेले. भिकनभाऊंनी शिडी लावून खोकं काढलं आणि मागच्या दाराने दिलं.

दहा मिनिटांनी नातू रस्ता ओलांडून परत आला. पाय आपटत, दिवे लावत. आमच्याच दुकानात उभा राहून आजोबांना म्हणतो, "दादू, तुझ्याकडे नाहीत!"

बाबूजी म्हणाले, "नाहीत रे बाबा." भिकनभाऊ माळ्याकडे बघत राहिले.

*

इतकी वर्षं मी आयांना सांगत आले, "ताई, सोडा हात, पडला तर उठेल." सांगायला काय जातं!

माझी स्वरा तीन वर्षांची झाली तेव्हा ती धुळ्याला माझ्या आईकडे आठ दिवस राहायला गेली. पहिल्यांदाच माझ्याशिवाय. मी तिची गोधडी दिली, वाटी-चमचा दिला, कशाने रडते आणि कशाने गप्प होते ते आईला दोनदा समजावून सांगितलं. मला खात्री होती, दुसऱ्या दिवशी फोन येणार, घेऊन जा!

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच फोन केला. स्वराने घेतला.

"स्वरा, आई बोलतेय. काय करतेस गं?"

"भाकरी करते. ठेव आता, पीठ लागलंय."

आणि फोन ठेवला! मी आईला परत लावला. आई म्हणाली, "अगं, एकदाही नाव काढलं नाही तुझं. तू बिनघोर राहा."

मी बिनघोर राहिले. दुकानात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. आणि त्याच दिवशी दोन गिऱ्हाइकांना दोन्ही पाय डावे पॅक करून दिले! संध्याकाळी ती दोघं परत आली तेव्हा बाबूजी रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मंगल, रविवारी धुळ्याला जाऊन ये."

गेले. एसटीत उभ्याने गेले. दार वाजवलं, स्वराने कडी काढली. मला वाटलं, आता बिलगणार. तिने खालून वर बघितलं.

"आई? तू का आलीस?"

रुसवा नव्हता हो, खरंच विचारत होती. मग माझा हात धरून तिने मला खुर्चीवर बसवलं, आत गेली आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आली. अर्धं वाटेत सांडलेलं. आमच्याकडे पाहुणा आला की देतात, तसं दोन्ही हातांनी पुढे केलं.

मी प्यायले. सगळं.

*

आणि हा शेवटचा. भिकनभाऊ आजही हा सांगत नाहीत, मलाच सांगायला लावतात.

भडगावकडच्या एका खेड्यातली बाई होती. शेतात काम करणारी, काटक, वय पंचविशीच्या आत. कडेवर मुलगी, दीड-दोन वर्षांची. तिच्या पायात जोर नव्हता. जळगावला एका डॉक्टरांकडे पायांचा व्यायाम करून घ्यायला आणायची. तिथून बसस्टँडला जाताना दुकानात आली.

"ताई, हिले बूट द्या."

मुलगी उभी राहत नव्हती. मी मांडीवर घेऊनच माप घेतलं. बूट घालताना तिचे पाय नुसते लोंबत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, अजून चालत नाही ना? मग चालायला लागली की घ्या. तोवर माप बदलेल."

ती म्हणाली, "आज ना उद्या चालईच ना ताई. त्या दिन बूट नको का तिले?"

बूट दिले. लाल, पुढे फुलाचे.

सात-आठ महिन्यांनी परत आली. मुलगी कडेवरच. बूट लहान झाले होते. मी ते पायातून काढले आणि उलटे केले. तळाला धुळीचा कणसुद्धा नव्हता. दुकानातून गेले तसेच! एक नंबर मोठे दिले, तेही लालच. बाबूजींनी ते जुने बूट हातात घेऊन बराच वेळ बघितले आणि तिला म्हणाले, "बेटी, पुढच्या वेळी हिला खाली उतरवून आण." ती "हा बाबूजी" म्हणाली आणि पोरीला कडेवर सावरून गेली.

त्यानंतर वर्षभर आली नाही.

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त तक्रार कसली असते माहीत आहे? तळ झिजल्याची! "दोन महिन्यांत घासले, हा काय माल आहे?" तर एका मंगळवारी दुपारी दारातूनच आरडाओरडा ऐकू आला. "बाबूजी! ताई! देखा ना, बठ्ठा घसाई ग्यात!" मी कपाळाला हात लावला, आली तक्रार! वर बघते तर तीच. एका हातात लाल बुटांचा जोड, उलटा धरलेला. तळ झिजून पार कागद झालेला, एका बुटाला अंगठ्याशी भोक. ती ते बूट सगळ्यांना दाखवत होती, गिऱ्हाइकांनासुद्धा! बाबूजींनी त्या भोकात बोट घालून बघितलं. मग खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले.

आणि मुलगी? ती मागे राहिली होती. दुकानाच्या तीन पायऱ्या. अनवाणी, भिंतीला हात लावत, एक पाय जरा ओढत, एकेक पायरी चढत होती. कोणी धरलेलं नव्हतं. भिकनभाऊ पुढे झाले, तर आईने हाताने त्यांना थांबवलं.

वर आली. स्टुलावर बसली. मी नवे बूट काढले, या वेळी तिने निळे मागितले. सवयीने तिची आई खाली बसली, तिचा पाय धरला आणि बूट चढवायला लागली.

मुलीने पाय ओढून घेतला.

"तू नको! मी!"

बाईचा हात तसाच हवेत राहिला. डोळे भरून आले आणि तोंडभर हसू. माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकं का ताई? माले नको म्हनस!"

मग लेकीच्या पुढे तशीच गुडघ्यांवर बसून म्हणाली, "परत एकदाव म्हन बरं, बेटा."