इस्त्री केलेली पानं

सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली आणि एवढ्या काळात एकच पुस्तक वाचलं. तेही सगळं नाही, शेवटची पन्नास पानं. पुस्तकाचा दाखल नंबर विचारा, झोपेतून उठून सांगेन. आत काय लिहिलंय ते मला कधीच ठाऊक नसायचं. साखरेच्या पोत्याला साखरेची चव कुठे कळते?

त्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी वैतागलेला होतो. समोर रांग, शिक्क्याची शाई वाळलेली, आणि या म्हणतात, "भाऊ, कार्ड काढायचंय. पण मला लिहिता-वाचता येत नाही."

"मग कार्ड कशाला, वारा घ्यायला?"

मागचे दोघेतिघे हसले. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. "धाकट्या बहिणीसाठी पाहिजे," म्हणाल्या. "तिला बाहेर पडता येत नाही."

त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होत्या. सोड्याच्या पाण्याने हात कोपरापर्यंत पांढुरके पडलेले. फॉर्म मीच भरला. नाव, पत्ता, काम. खाली एक रकाना होता: 'घरात संसर्गजन्य आजाराचा रुग्ण आहे काय?' कुठल्या जमान्यातला नियम कोण जाणे, मी तो प्रश्न कधी कुणाला विचारायचोच नाही. सवयीने 'नाही' लिहिलं, बाईंचा अंगठा घेतला आणि कार्ड दिलं. त्यांनी ते स्वच्छ रुमालात गुंडाळून ठेवलं.

मग दर शनिवारी त्या चिठ्ठी घेऊन यायला लागल्या. चिठ्ठीवर धाकटीच्या बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव असे. शिकलेले लोक पुस्तक परत आणायचे ते चहाचे डाग पाडून, कोपरे दुमडून. या बाईंचं पुस्तक मात्र नेलं त्याहून बरं होऊन यायचं. पान न् पान ताठ. "वाचता न येणाऱ्या बाईकडून शिका जरा," असं मी एका प्राध्यापकांना तोंडावर सुनावलं होतं.

दीड वर्षाने एकदा त्या पुस्तक बदलायला नाही, मुदत वाढवून घ्यायला आल्या. धाकटीला त्या आठवड्यात बसवत नव्हतं, शेवटची पन्नास पानं राहिली होती. खूण म्हणून बँडेजची पट्टी घातलेली. मी पुस्तक चाळलं तर मधल्या एका पानावर तपकिरी डाग, इस्त्रीच्या टोकाचा. नेमके ग्रंथपालसाहेब शेजारी उभे होते.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"इस्त्री जरा जास्त तापली साहेब. चुकलं."

"पुस्तकाला इस्त्री?"

"वाचून होतील तशी सगळ्याच पानांना करते. आमच्याकडे पेशंटच्या चादरी उकळतात, कडक इस्त्री करतात, मगच दुसऱ्याला देतात. पुस्तक काही उकळता येत नाही. बहिणीला टीबी आहे ना. दुसऱ्या कुणाला लागायला नको."

साहेबांनी फॉर्म काढायला लावला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे 'नाही' लिहिलंय. खोटी माहिती दिलीत तुम्ही."

ते 'नाही' माझ्या अक्षरात होतं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून शिक्क्याची शाई सारखी करत बसलो.

"चुकलं साहेब," त्या म्हणाल्या.

कार्ड तिथल्या तिथे रद्द झालं. नियमाप्रमाणे त्या घरात गेलेली सगळी पुस्तकं जाळायची होती, त्यामुळे हातातलंही परत नेता येणार नव्हतं. बाई माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, शेवटी काय होतं तेवढं तरी सांगता? एक बाप आहे त्यात, हरवलेली मुलगी शोधत फिरतोय. सापडते का ती? घरी गेल्याबरोबर विचारेल."

"माहीत नाही," मी म्हणालो. आणि खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या आवारात एकाहत्तर पुस्तकं जाळली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सगळंच सुकं, इस्त्रीचं. भराभर पेटलं. पुस्तकातून हा आजार पसरत नाही, असं एका डॉक्टरांनी मला पुढे सांगितलं. तोवर तो रकाना फॉर्मवरून निघूनही गेला होता.

शेवटचं पुस्तक तेवढं मी शर्टाखाली घालून घरी नेलं. यादीत त्याच्यापुढेही 'नष्ट' असं लिहिलं. पन्नास पानं म्हणजे एका बैठकीचं काम, पण मला पाच दिवस लागले. वाचनाची सवय नव्हती हे एक, आणि त्या दारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं हे दुसरं.

सहाव्या दिवशी पुस्तक घेऊन गेलो. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली. खाटेवरची गादी गुंडाळलेली, बादलीत चादरी भिजत घातलेल्या.

"परवा गेली," बाई म्हणाल्या. मला खुर्ची दिली, खिडकीपाशी.

मी उभाच राहिलो. "तो फॉर्म..."

"ठाऊक आहे. तुम्ही मला काही विचारलंच नव्हतं. साहेबांनी बोट ठेवलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी गेली असती. कार्ड थोडंच परत मिळणार होतं?"

शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी गेलो असतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्यानंतर ती कधी गेलीही नाही.

"शेवट वाचलात?" त्यांनी विचारलं.

"वाचला."

"तिनं मला विचारलं. मी म्हटलं, भाऊंनी सांगितलंय, सापडते. बापाला लांबूनच ओळखते. मनानंच सांगितलं हो. बरोबर आहे का?"

पुस्तकात मुलगी सापडत नाही. बाप शोधता शोधता एका परक्या गावात थांबतो आणि तिथेच म्हातारा होतो.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "लांबूनच ओळखते." हे खोटं मात्र मी त्यांच्याकडे बघून बोललो.

बाईंनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पट्टीपाशी उघडलं आणि इस्त्री तापत ठेवली.

"ही पन्नास राहिली होती," त्या म्हणाल्या. "करून देते. मग खुशाल द्या कुणालाही."