डावीकडे काथ्या, उजवीकडे कापूस

मी काही लिहावं एवढी माझी योग्यता नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेही संध्याकाळच्या कॉलेजात. दिवसा मी बालीगंजमधल्या एका वर्कशॉपमध्ये मोटारींच्या सीट भरतो. माझा जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे माझं मराठी कच्चं. हा मजकूर एका मित्राने तपासून दिला आहे. ज्यांची ही हकीकत आहे त्यांचं नाव आणि खातं मात्र मी लिहिणार नाही.

साहेब गाडीशेजारी उभे होते. त्यांच्या बाई सावलीत होत्या. मी गाडीच्या दारात गुडघे टेकून साहेबांच्या सीटमध्ये जाड कागद दाबत होतो. असा कागद दाबून, कडेने खडूने आखून फर्मा काढायचा आणि त्याबरहुकूम गादी कापायची, अशी आमची पद्धत. गाडी छोटी, दोन दारांची, बकेट सीटची. बकेट सीट म्हणजे एकट्याने बसायचं खोलगट आसन, दोन्ही कुशींना धरून ठेवणारं. इंग्रज गेले, त्यांच्या अशा गाड्या इथल्या अधिकाऱ्यांनी घेतल्या. सीट झिजलेल्या, विलायती माल महाग. मग आम्ही वर्कशॉपमध्येच गादी करून देतो. खाली गोणपाट, मध्ये काथ्या, वर कापूस, आणि सगळ्याला मांजरपाटाची खोळ. ती सीटच्या चामड्याखाली बसते, बाहेरून दिसत नाही.

"दोनों सीट एक जैसा बनाओ," साहेब म्हणाले. "एकदम लेव्हल."

त्यावर बाई मराठीत बोलल्या. "डावीकडे जरा उंच करायला सांगा ना. ऑपरेशन झाल्यापासून एका अंगावर बसता. परवा दौऱ्यावरून आलात तर जिना चढवत नव्हता."

"हळू बोल."

"त्याला काय कळतंय? बंगाली दिसतो."

"हिंदीत सांगितलं म्हणजे कळेलच ना! याच्या मालकाकडे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या गाड्या येतात. उद्या वरपर्यंत जाईल. मग दौरे बंद, आणि आम्ही पेन्शनीपर्यंत फायली चाळत बसणार. कंबर दुखली तरी चालेल, पण ते नको."

मी मान वर केली नाही. त्याच क्षणी "बाई, मी मराठी आहे" एवढं म्हणायला हवं होतं. पण आदल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी "पाणी खाल्लं" म्हणालो होतो. बंगालीत तसंच म्हणतात. अधिकाऱ्यांची मुलं पोट धरून हसली. तेव्हापासून परक्या मराठी माणसासमोर माझं तोंडच उघडत नसे. मी "जी साब" म्हटलं आणि फर्मा गुंडाळला.

पण कात्री हातात घेतल्यावर पंचाईत झाली. सांगितल्याप्रमाणे कापावं तर माणूस पुढच्या दौऱ्यात पुन्हा कळवळणार. ऐकल्याप्रमाणे कापावं तर ऐकलं हे उघड होणार. मला मधला मार्ग सुचला. कापूस वजनाने दबतो, काथ्या दबत नाही. डावीकडे काथ्या ठासून भरला, उजवीकडे सैल कापूस घातला आणि वरून दोन्ही बाजू सारख्या केल्या. बघणाऱ्याला गादी सपाट. बसणाऱ्याची उजवी बाजू खाली जाणार, डावी तोलून धरली जाणार.

आमचे मालक हरिपदबाबू येऊन बघून गेले. "काय रे कॉलेजबाबू, एवढा काथ्या? सीट करतोयस की पायपुसणं?"

"लवकर बसणार नाही, बाबू."

"कोण, गिऱ्हाईक?" म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसत गेले.

साहेब गाडी घ्यायला आले. सीटवर बसले, स्टिअरिंग धरलं आणि तसेच राहिले. त्यांचे खांदे सरळ झालेले मला दिसले. मला फार बरं वाटलं. ते क्षणभरच. साहेब खाली उतरले, तळहाताने आधी डावी बाजू दाबली, मग उजवी, आणि माझ्याकडे वळले.

"मराठी येतं तुला?"

"हो."

"आडनाव?"

"पवार."

बाईंचा चेहरा लाल झाला. "मराठी असून गप्प बसलास? आमच्या घरातलं बोलणं कान देऊन ऐकत बसलास?"

माझ्याकडून कुणालाही कळणार नाही, असं मला सांगायचं होतं. तोंडातून बंगालीच बाहेर पडलं, तेही अर्धवट. साहेबांनी गाडीचं दार ओढून घेतलं.

हरिपदबाबूंनी विचारलं, "काम चुकलं?"

"नाही. बरोबर झालं."

"मग मयताला आल्यासारखी का गेली ही माणसं?"

आठवड्याने त्यांचा चपराशी साहेबांच्या सीटची गादी परत देऊन गेला. निरोप काही नव्हता. मालकांनी ती उलटीपालटी केली. "ही शिवण तुझी? लाज वाटत नाही?" खालची शिवण उसवून घरच्या पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा घातलेली होती. मी काळा, मेण लावलेला दोरा वापरतो. आत मी काय भरलं ते त्यांनी तपासलं असणार, असं मला वाटलं. चोराची झडती घेतात तसं. मालकांनी ती गादी आपल्या स्टुलावर टाकली. बसले की ते उजवीकडे कलत आणि म्हणत, "ही मला दाराकडे का ढकलते रे?" गिऱ्हाइकं हसत. माझे कान तापत.

मंडळात जाणं मी सोडलं. तशी छोटी गाडी रस्त्यात दिसली की मी तोंड फिरवत असे.

यंदा तीच गाडी वर्कशॉपमध्ये आली. चालवत होते एक बंगाली डॉक्टर. ड्रायव्हरची सीट नवी भरून हवी होती. मी चामडं सोडवलं. खाली एक गादी होती, आमची नव्हे. जुन्या नऊवारी लुगड्याची, काठ आत दुमडलेले, दोरा तोच, घरचा पांढरा. मी तळहाताने दाबून पाहिलं. डावीकडे काथ्या, उजवीकडे कापूस. काथ्यातून घरची सुई जात नाही, आम्ही त्याला दाभण वापरतो. डावीकडचे टाके वाकडेतिकडे होते, एकेक दोनदा घातलेला. दोन वाक्यं मराठीत बोलायला मी लाजलो, म्हणून बाईंना हे करावं लागलं होतं.

"आधीचे साहेब?" मी डॉक्टरांना विचारलं.

"नागपूरला गेले, बढतीवर. शेवटपर्यंत दौऱ्यावर स्वतः गाडी चालवत जायचे. मला म्हणाले, बाकी गाडी उत्तम आहे, फक्त ड्रायव्हरची सीट बदलून घ्या, तुम्हाला ती जमायची नाही. का, ते काही सांगितलं नाही."

मीही नाही सांगितलं.