शेवगावात लिहून दिलेल्या पन्नास सह्या

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. खेड्यातल्या ग्रामोफोनच्या चोरीवर मी एक विनोदी रहस्यचित्रकथा लिहिली होती, चित्रंही माझीच. पुण्यात ती फारशी कोणी विचारली नाही. शेवगावचे पुस्तकविक्रेते बोराटेशेठ यांनी मात्र पन्नास प्रती मागवल्या आणि कळवलं, बाजाराच्या दिवशी स्वतः येऊन सह्या द्या. प्रकाशक म्हणाले, ''जा. पण त्या प्रती परत आल्या तर दुसऱ्या भागाचं नाव काढायचं नाही.''

निघताना एक सल मनात होता. माझी बायको कुसुम बेलापूरच्या शेतकरी घरातली. तिने पुस्तक चौथ्या पानापर्यंत वाचलं, ''छान आहे'' म्हणाली आणि कणीक मळायला गेली. पुढचं पान तिने तोवर उलटलं नव्हतं. मला फार लागलं होतं ते.

पहाटेच्या एसटीने नगर गाठलं. तिथे गाडी बदलायची, आणि चहा स्टँडाबाहेर प्यायचा, आतला नुसताच गरम असे. पुढे करंजीचा घाट. खिडकीजवळ बसायची हौस असेल तर टोपी न्या. मी उतरलो तेव्हा भुवयांसकट पांढरा झालो होतो. कुसुमने दिलेले धपाटे तेवढे धुळीतून वाचले.

बोराटेशेठांचं दुकान म्हणजे पाट्या, वह्या, पंचांगं आणि मधे माझ्यासाठी मांडलेली खुर्ची. हार घालून झाला. गर्दी बरीच जमली, पण विकत कोणी घेईना. तिथली रीत अशी की एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वर्तमानपत्रही तसंच. शाळेतल्या एका गुरुजींनी माझी प्रत उघडली आणि वाचन सुरू केलं. सगळं फुकटात ऐकून घेतल्यावर घेणार कोण, या धास्तीने मी समोरच्या प्रती मोजत बसलो.

चौथ्या पानावर फौजदार म्हाताऱ्या रामभाऊला विचारतो, दुपारी एक वाजता, चोरीच्या वेळी, तू कुठे होतास? रामभाऊ म्हणतो, गोठ्यात म्हशीची धार काढत होतो.

गुरुजी थांबले. गर्दीतून एक फेटेवाले बाबा म्हणाले, ''दुपारी एकला कोन धार काढतं वो?''

''सकाळी न् सांजच्याला काढत्यात,'' दुसऱ्याने सांगितलं. ''म्हातारा लबाड हाय. चोर त्योच.''

''लागला तपास!'' गुरुजींनी पुस्तक मिटलं. लोक बाजाराकडे वळू लागले.

मी खुर्चीवरून उठलोच. ''अहो थांबा! रामभाऊ निर्दोष आहे. चोर दुसराच निघतो!''

''मंग त्यो खोटं का बोलला?'' बाबा.

खरं सांगायचं तर, धार कधी काढतात हे मला माहीतच नव्हतं. माझ्यासारख्या पुणेकराच्या लेखी म्हैस म्हणजे दुधाची टाकी. पण पन्नास प्रती आणि प्रकाशकाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी ठोकून दिलं, ''ते दुसऱ्या भागात येणार आहे.''

''नक्की?''

''अगदी नक्की.''

''तोंडी न्हाई चालायचं, पाव्हणं. लिवून द्या.''

बोराटेशेठांनी दौत पुढे सरकवली. मग प्रत्येक प्रतीवर मी लिहिलं, 'रामभाऊ खोटं का बोलला हे दुसऱ्या भागात सांगेन,' आणि खाली सही, गाव, तारीख. बाबांनी प्रत उन्हात धरून शाई वाळल्याची खात्री करून घेतली. आता हे लेखी वचन हातात हवं म्हणून प्रत्येकाला पुस्तक हवं होतं. बाजार उठायच्या आत पन्नासही प्रती गेल्या. शेठांनी मला भेळभत्ता खिलवला आणि बजावलं, ''आता दुसरा भाग न्हाई आला तर मला गावात राहता यायचं न्हाई.''

परतीच्या गाडीत मी कारण शोधत बसलो. नगर आलं, पुणे आलं, कारण काही आलं नाही.

घरी कुसुमला सगळं सांगितलं. ती हसत हसत खालीच बसली.

''तुला हे ठाऊक होतं?''

''चौथ्या पानावरच चोर कळला. मग पुढे कशाला वाचू? तुमचा हिरमोड नको म्हणून बोलले नाही.''

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि फार लाजही वाटली. मी विचारलं, ''मग म्हातारा खोटं का बोलला असेल?''

तिने पदराला हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली. मी कागद घेतला. दुसरा भाग पुढच्याच वर्षी आला. त्याच्यावर दोघांची नावं आहेत, आणि तिचं आधी आहे.