बिल उतरवणारे मामा

जगात वाया जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं सुतक पाळायला देवाने एकच माणूस नेमला असेल, तर तो आमच्या संस्थेत नोकरीला आहे. संस्थेच्या शाळा पाच; चार पिंपरी-चिंचवडमध्ये आणि पाचवी, सगळ्यांत लहान, चाकणच्या पुढे. या पाचही शाळांचे नळ, पंखे, पत्रे, बाकं, पाण्याच्या मोटारी ज्या एका माणसाच्या गळ्यात आहेत, त्यांना शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे मामा म्हणतात. मी ऑफिसात बिलं भरणारी कारकून, त्यामुळे माझा मामांशी रोजचा संबंध आणि दिवसाआड भांडण. एका कंपनीत मेंटेनन्सला उभा जन्म काढून ते रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले. घरच्यांनी त्या दिवशी नक्की गोडधोड केलं असणार.

मामा कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताकडे बघतात, मग माणसांकडे. पिंपळे गुरवला आमच्या नव्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण होता. मामा आले, चपला काढल्या, वर पाहिलं आणि भर अध्यायात हॉलची ट्यूब बंद केली. गुरुजींनी पोथी नाकाला लावली. मी डोळे वटारले, तर मामा हळूच म्हणाले, "खिडकी हाय की ताई. आन् गुरुजींना समदं पाठ असंल." नसावं, कारण गुरुजी तिसऱ्या अध्यायातून थेट पाचव्यात गेले. आमच्या सासूबाई अजून म्हणतात की घरात काही कमीजास्त झालं तर तो चौथा अध्याय भोवतोय. गळक्या नळाशी तर मामांचं जन्माचं वैर. पिंपरीच्या शाळेत झेंडावंदन झालं, पाहुण्यांचं भाषण रंगात आलं आणि मामा मात्र मैदानाच्या कोपऱ्यात गळक्या नळाखाली तांब्या धरून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे. भाषण संपायला आणि तांब्या भरायला एकच गाठ पडली. टाळ्या वाजल्या, तेव्हा मामांनी तांब्या उंच धरून मला दाखवला. लांबून पाहणाऱ्याला टाळ्या त्यांच्यासाठीच आहेत असं वाटलं असतं.

नवीन वस्तू घेणं मामांना पाप वाटतं. एकदा पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडून गेलं. मी नवीन झाकणाचा कागद तयार करेपर्यंत मामांनी भंगारवाल्याकडून गाडीचं रिजेक्ट झालेलं बॉनेट आणून टाकीवर बसवलं. बसलंही असं चपखल की ती टाकी आता कधीही उठून हायवेला लागेल असं वाटतं. तीन मोडक्या बाकांची ते दोन धड बाकं करतात. तिसऱ्याचं काय केलंत म्हणून विचारलं, तर "त्या दोघांतच हाय की ते," म्हणतात. बरं, हे सगळं मुकाट्याने करतील तर मामा कसले! प्रत्येक बचतीनंतर ते ऑफिसात येतात, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतात आणि कौतुक होईपर्यंत हलत नाहीत. मी कामात आहे असं दाखवलं तर खोकतात. माझ्या स्वभावाला हे मानवत नाही, पण दुसऱ्या खोकल्याला मी "वा मामा" म्हणून मोकळी होते.

पण या माणसाचा खरा जीव होता तो चाकणच्या पुढच्या पाचव्या शाळेत. ती त्यांच्या गावची शाळा. वर पत्रा, शेजारी वर्कशॉपांची रांग, आणि वर्गात निम्मी गावातली पोरं, निम्मी कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांची. दर वर्षी संस्थेच्या बैठकीत विषय निघायचा की ही शाळा परवडत नाही, बंद करू. दुसरी शाळा हायवेच्या पलीकडे, आणि तो हायवे कंटेनरच्या गर्दीतून ओलांडायचा. मामा मला म्हणाले होते, "ताई, शाळा बंद झाली तर पोरगे जातील कसेबी. पोरींना मातर घरचे न्हाई धाडायचे." गेल्या दिवाळीत सचिवांनी बजावलं, खर्च उतरला नाही तर जूनपासून कुलूप. मामांनी ते मनावर घेतलं. नाताळच्या सुट्टीत तिथलं अख्खं वायरिंग स्वतः बदललं, जुने दिवे काढून कमी वीज खाणारे लावले, पाण्याची मोटार खोलून नीट केली. शाळा उघडल्यावर वर्गावर्गांत जाऊन पोरांनाही सांगून आले की बिल वाढलं तर शाळा जाईल, तेव्हा बाहेर जाताना बटणं बंद करा.

आणि बिल उतरलं! फेब्रुवारीत उतरलं, मार्चमध्ये आणखी उतरलं. एप्रिलचं बिल तर इतकं किरकोळ आलं की मी दोनदा नाव तपासलं. मामा पेढे घेऊन आले. "वायरिंग, ताई. समदा खेळ वायरिंगचा," असं शिपायालासुद्धा ऐकवून झालं. त्या दिवशी त्यांनी न खोकताच मी कौतुक केलं.

पेढे संपायच्या आत सचिवांचं पत्र आलं. इतकी कमी वीज लागते, त्या अर्थी शाळा भरतच नसावी; हजेरी कागदावरच लागत असणार; शुक्रवारी अध्यक्ष आणि सचिव पाहणीला येतील आणि तिथेच निर्णय होईल. मी पत्र वाचून दाखवलं. मामा मटकन खुर्चीत बसले. "आता बगा," ते म्हणाले, "मानसानं उपास करून वजन उतरवलं, तर डाक्टर म्हनतो मानूस मेलाय!" मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली, कारण त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. मी म्हटलं, शुक्रवारी सगळं चालू ठेवा मामा. दिवे, पंखे, झाडून सगळं. शाळा जिवंत दिसू द्या.

"समदं?" त्यांनी विचारलं. घर पेटवा म्हटलं असतं तरी त्यांनी याच आवाजात विचारलं असतं.

शुक्रवारी फाइल घेऊन मीही गेले. ऊन मी म्हणत होतं, पत्रा तापला होता. मामांनी स्वतःच्या हाताने एकेक बटण दाबलं आणि बघवेना म्हणून बाहेर खिडकीखाली जाऊन बसले. अध्यक्ष, सचिव आणि मी सातवीच्या वर्गात शिरलो. वर्ग गच्च भरलेला. तरी सचिव माझ्या कानाशी कुजबुजले, "मुलं काय, एका दिवसापुरती कुठूनही गोळा करता येतात." त्यांनी हजेरीपट उघडला, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली, भिंतीशी गेली आणि पंखे बंद केले. दारापाशी बसलेल्या मुलाने दिवे घालवले. बाईंनी कपाळावर हात मारला.

"का गं, पंखे का बंद केलेस?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमी न्हाई लावत."

"उकडत नाही?"

"उकडतं की."

"मग?"

"बिल वाढलं तर तुमी शाळा बंद करनार हाय ना," ती म्हणाली. "हायवेच्या पल्याडच्या शाळंत माजे बाबा न्हाई धाडनार मला. म्हनून आमी संक्रांतीपासनं लावतच न्हाई. वहीनं वारा घेतो." तिने वही दाखवली. मागून पुढून सगळ्या बाकांवर वह्या वर झाल्या. एकाही वहीचा पुठ्ठा धड नव्हता.

सचिवांनी हजेरीपट मिटला. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ, घामाने डबडबले होते. त्यांनी त्या मुलीकडून वही मागून घेतली, दोनदा वारा घेतला आणि परत दिली. "शाळा चालू राहील," एवढंच बोलून ते बाहेर पडले. वर्गात गलका झाला. मी धावत मामांना सांगायला खिडकीशी गेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता पेढे.

मामा उठलेच नाहीत. "ताई," ते म्हणाले, "म्या म्हनत हुतो वायरिंग." मग त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. "म्या बाहेर जाताना बंद करा म्हनलं हुतं वो. बसल्यावर न्हाई." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. पेढा मीही खाल्ला होता.

आता वयोमानाने मामांचे गुडघे धरतात. बाकीच्या चार शाळांत पूर्वीसारखं हिंडणं त्यांना होत नाही, आणि तिथे भरदिवसा ट्यूब जळताना दिसली की मला उगाच चुकल्यासारखं होतं. पाचव्या शाळेत मात्र ते रोज दुपारी जातात, वर्गावर्गांत शिरून पंखे लावतात. पोरं ओरडतात, "मामा, बिल!" परवा मी तिथे होते, तेव्हा एक पोरगी पुन्हा बटणाशी गेली. मामांनी तिचा हात धरून तिला जागेवर नेऊन बसवलं.

"ऱ्हाऊ दे बाय," ते म्हणाले. "बिल मोठ्या मानसांनी बगायचं आस्तं."