सात दिवसांची कानटोपी

परदेशातल्या आमच्या टॅला गावातल्या शेजाऱ्याचा धंदा ऐकून मी टाळ्याच वाजवल्या होत्या. हा नागपूरकर एका कंपनीसाठी ऑनलाइन गेममधल्या योद्ध्यांचे कपडे संगणकावर बनवायचा आणि जगभरातली पोरं ते खऱ्या पैशांनी विकत घ्यायची! स्वतः मात्र कोपराला भोक पडलेला एकच स्वेटर. कसं काय विचारलं, की कुंपणापलीकडून इथल्या आयरिश लोकांसारखं, 'मस्त' या अर्थाचं ठरलेलं उत्तर, "ग्रँड, भाऊ."

लॉकडाउनमध्ये नागपुरात त्याचे वडील गेले. जाता आलं नाही. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला. तेव्हाही "ग्रँड"च म्हणाला.

महिन्याभराने त्याने कुंपणावरून फोन पुढे केला. चिलखतातल्या योद्ध्याच्या डोक्यावर तपकिरी कानटोपी होती, कानाजवळ रफू केलेली.

"बाबांची. गेमच्या दुकानात सात दिवसच ठेवतात. म्हणून आजच विकत घेतली."

"अरे, तूच बनवलीस ना?"

"बनवली मी. पण आहे कंपनीची."

तेवढ्यात पडद्यावर तीच टोपी घातलेला कुणी अनोळखी योद्धा येऊन नाचायला लागला.

"बाबा नाचून राहिले बघा, भाऊ. घरी कधी नाचले नाहीत."

नाच संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.