बागेतल्या शिळेवरचं माझं नाव

पुलगावच्या बागेत माझं नाव दगडात कोरलेलं आहे. आमच्या संघानं तालुक्याची हुतूतूची ढाल जिंकली, म्हणून गावानं ती विजेत्यांची शिळा उभारली. सन पंचावन्नच्या आसपासची गोष्ट.

लग्नाच्या बोलण्यात मी हे दोन-चारदा पेरलं. मुलीचे वडील वडनेरचे. वांगी-टमाटे पिकवायचे, पण जवानीत हुतूतू गाजवलेले. जावई खेळाडूच पाहिजे, हा त्यांचा हट्ट! आणि मुलगी मला फार म्हणजे फारच आवडली होती. "नाव डोयानं पाहीन, मंगच सुपारी फोडीन," असं सांगून ते शनिवारी सकाळी हजर झाले.

बागेत पाहतो तर शिळेपुढे बायकांची रांग! अनावरणाच्या दिवशी पाहुण्यांनी रीतीप्रमाणे नारळ फोडून शेंदराचा टिळा लावला होता. तेवढं पुरलं. मग दर शनिवारी कोणी ना कोणी तेल-शेंदूर चढवत गेलं आणि आमचा अख्खा संघ बोटभर थराखाली गाडला गेला. (मी वर्षभर तिकडे फिरकलोच नव्हतो. नाव एकदा कोरलं गेलं की माणूस कशाला जातो?)

मुलीच्या वडिलांनी टोपी नीट केली, हात जोडले. "मारोतीखाली नाव हाय म्हंता, तं खोटं थोडंच असन. चाला," म्हणाले. इथं मी मुकाट्यानं निघायला हवं होतं. पण रांगेतली एक म्हातारी पुटपुटली, इथं कोणाचं नाव-गिव नाई. झालं! माझं डोकं फिरलं आणि मी नखानं शेंदूर खरवडायला बसलो.

"काऊन रे, देवाले सोलून राह्यला?" म्हातारी कडाडली. बायका धावल्या, माळी धावला. मला फक्त माझ्या नावापुरती जागा मोकळी करायची होती, नेमकी तेवढीच. पण ओढाताणीत शेंदराचा मोठा पोपडाच हातात आला. नाव लख्ख दिसलं. पुढचा कंसातला शब्दही दिसला: राखीव.

"म्हंजे खेळले नाई?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

खोटं बोलायची सोय नव्हती, समोर मारुती होता. "नाही. सगळे सामने बाजूला बसून होतो."

"एका जागी? चूप?"

"चूप."

त्यांनी आधी देवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुपारी आणा. आमची पोरगी कोणाले बोलू देत नाई. मले असाच मानूस पाह्यजे होता."

लग्न झालं, नातवंडं झाली. घरात मैदानात उतरायची पाळी माझ्यावर अजून आलेली नाही.