भाऊंसाठी कंपनीच्या गोळ्या

लोक पोपट पाळतात, विनोदिनी जंतू पाळायची. देवासच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिचं तेच काम. "माझी लेकरं," ती म्हणायची, "खातात, वाढतात आणि उलटून बोलत नाहीत."

लेकरं साधी नव्हती. माणसाच्या यकृतात कोलेस्टेरॉल बनवायला जे एन्झाइम राबतं, ते त्यांच्या पोटात बसवलेलं होतं. ते राबत असेतो जंतू हिरवे चमकत. कोलेस्टेरॉलचं औषध घातलं की एन्झाइम गप्प आणि उजेड मंद. अंधार पडला की औषध चांगलं!

कारखान्यांच्या वस्तीतल्या मराठी घरांची एक रीत आहे. ज्याच्या कंपनीत जे बनतं, ते त्यानं साऱ्या गोतावळ्याला पुरवायचं. शेजारच्या संताजींकडून साबण, विनोदिनीकडून गोळ्या. पॅकिंगजवळ बिनछपाईच्या पट्ट्यांची पेटी पडली होती. "ट्रायलच्या उरल्यात, फेकायच्यात," कुणीसं म्हणालं. फेकायच्या कशाला? कंपनीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचाच रंग, तिचाच आकार. तिनं पेटी उचलली आणि धारला भाऊंकडे पोचवली.

भाऊ तिचे थोरले. निवृत्त मास्तर, हृदयाचा एक झटका पचवलेले. त्यांनी बाजारच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. औषधवाल्याला ऐकवलं, "भिया, अपनी बहन कंपनी में है. आपण फ्रेश माल खातो!" आणि त्या भरवशावर दाल-बाफल्यांवर तुपाची धार पुन्हा सुरू झाली.

पावसाळा सरता सरता प्रयोगशाळेत नेहमीचं नमुन्याचं औषध संपलं. लेकरं ठीक आहेत ना, एवढंच बघायचं होतं. विनोदिनीनं त्या पेटीतली, भाऊंसाठी पर्समध्ये ठेवलेल्या पट्टीतली एक गोळी कुटून लेकरांना पाजली.

लेकरं चमकतच राहिली. दुसरी गोळी कुटली. तरी हिरवंगार.

"आजारी पडली वाटतं," ती मयुरेशला म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या मयुरेशनं पट्टी उलटीपालटी केली. "ताई, जंतू चांगले आहेत. या कोऱ्या गोळ्या. ट्रायलमध्ये अर्ध्या लोकांना खोटी गोळी देतात ना, तुलनेला? त्यातल्या. यात औषधच नाही."

ती फोनकडे धावली. कल्पनावहिनींनी उचलला. मागे माणसांचा गलका.

"वन्सं, आत्ता तुम्हालाच लावत होते. यांच्या छातीत…"

ती धारला पोचली तेव्हा भाऊंना अंगणात आणलं होतं.

तेराव्याला माणसं पांगल्यावर वहिनींनी उरलेल्या पट्ट्या रुमालात बांधून तिच्यापुढे ठेवल्या. "घेऊन जा, वन्सं. चांगलं औषध आहे. शेवटपर्यंत एक दिवस चुकवला नाही त्यांनी. कुणा गरिबाला तरी लागू पडेल."

विनोदिनीनं रुमाल हातात घेतला. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"वहिनी, बसा जरा," ती म्हणाली. "हे कुणालाच लागू पडायचं नाही."